आकडा

आकडा चुकला होता. सारंगने तो पडद्यावर हातभर मोठा करून दाखवला, चौऱ्याण्णव सेकंद, आणि हौगांगच्या कम्युनिटी क्लबमधल्या त्या बर्फासारख्या खोलीत बसलेल्या साठ-सत्तर लोकांनी माना डोलावल्या. चौऱ्याण्णव म्हटलं असतं काय आणि चोवीस म्हटलं असतं काय, त्यांनी डोलावल्याच असत्या. माझ्या हातातला कागदी कप हलला आणि चहा पँटवर सांडला.

"बाबा?" शेजारी बसलेली माझी मुलगी किमया कुजबुजली.

"काही नाही. गरम आहे."

"चहा केव्हाच गार झालाय. आणि प्लीज, आज काही बोलू नका हं."

"मी कुठे काय बोलतोय?"

"तुमचा चेहरा बोलतोय."

चेहऱ्याला मी काय करणार? बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली अकरा चीफ इंजिनियर म्हणून. पुढची चौदा इथल्या एका शिपयार्डात, दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या पोटात. कुणी चुकीचं रीडिंग घेऊन आला की माझा चेहरा असाच होतो. आणि हा मनुष्य तर रीडिंग घेऊन चक्क स्टेजवर उभा होता. डॉक्टर सारंग. आईबापांनी नाव ठेवतानाच पोराला रागदारीच्या खुंटीला टांगून ठेवलेलं. पुण्याचा, वय सदतीस-अडतीस, इथल्या एका संस्थेत संगीताचा इतिहास शिकवतो. कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि या संशोधनावर त्याचा इथे राहायचा पास पुढे वाढणार आहे, हे किमयाने मला तीनदा सांगून झालं होतं. म्हणजे मी दया दाखवावी. ध्वनिमुद्रण येण्याआधी लोक कसे गात होते, किती संथ, किती भरभर, कुठे थांबून, हे कुणाला ठाऊक नाही. माणसं मेली, गाणं हवेत गेलं. मग हा त्या काळची आपोआप वाजणारी यंत्रं धुंडाळतो. त्याचं म्हणणं, यंत्र खोटं बोलत नाही. पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हाही हेच वाक्य म्हणाला होता. मी म्हटलं होतं, "यंत्रासारखं खोटं कुणी बोलत नाही. फक्त ते सारखं तेच खोटं बोलतं, म्हणून लोकांना खरं वाटतं." तो हसला आणि त्याने ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. अशा माणसाचा अपमान करणंही अवघड असतं.

टेबलावर दोन दिव्यांच्या झोतात माझी पेटी होती. म्हणजे माझ्या बायकोची, जयवंतीची. अक्रोडाच्या लाकडाची, दीड हात लांब, आत काचेचं झाकण, झाकणाखाली पितळेचा रूळ, रुळावर केसांएवढ्या हजारो खिळ्या, आणि त्या खिळ्यांनी छेडली जाणारी पोलादी फणी. किल्ली दिली की रूळ फिरतो. एक फेरा म्हणजे एक चाल. सहा चाली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या कुणी तरी सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारासाठी बनवलेली. चालींच्या नावांचा कागद झाकणाला आतून चिकटवलेला, त्यावरची देवनागरी अशी की लिहिणाऱ्याने अक्षरं लिहिली नाहीत, बघून चित्रं काढली. आम्ही ती शहाण्णव साली इथल्या एका बंद होत असलेल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणली. दुकानाचा म्हातारा चिनी मालक म्हणाला, "यू इंडियन? दिस वन इंडियन साँग." मी म्हटलं, चल, हे घंटा वाजवणारं डबडं घेऊन करायचंय काय. तेवढ्यात चौथी चाल सुरू झाली आणि जयवंती दुकानात उभ्या उभ्या तिच्याबरोबर गायला लागली. तिची आई पहाटे म्हणायची ती भूपाळी, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्या भूपाळ्या सारख्याच असतात. ती म्हणाली, "तुमची सगळी इंजिनंही सारखीच दिसतात हो मला. मी कधी बोलते का?"

रूळ सुसाट सुटू नये म्हणून पेटीच्या उजव्या टोकाला बोटाच्या पेराएवढा एक पंखा असतो. त्याला दोन पाती. पाती मिटलेली असली की पंखा सरसर फिरतो, चाल भरभर वाजते. पाती बाहेर उघडली की त्यांना हवा अडते, पंखा दमतो आणि चाल संथ होते. जहाजाच्या इंजिनाच्या वेगाची राखण करणारा जो भाग असतो त्याला आम्ही गव्हर्नर म्हणतो, इथेही तेच नाव. म्हणजे या पेटीतून जुन्या लोकांची लय शोधणं हे किती हास्यास्पद आहे पाहा. ती लय कुणीही, कधीही, चिमट्याने बदलू शकतो. सव्वाशे वर्षांत किती जणांनी तिथे बोट घातलं असेल. सारंगला मी पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "काका, या पेटीशी तुमच्या काही आठवणी?" मी म्हटलं, "नाहीत." पेटी न्यायची परवानगी किमयाने परस्पर दिली होती. घरात धूळ खातेय, बाबा, आईलाही आवडलं असतं. आईला काय आवडलं असतं हे मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसं फार झटपट ठरवतात.

मी पेटी घेतली तेव्हा एका फेऱ्याला एकसष्ट सेकंद लागत. ते मी स्टॉपवॉच लावून मोजलं होतं, कारण मला यंत्र घरात आणल्यावर मोजल्याशिवाय झोप येत नाही. पंचवीस वर्षं एकसष्टच होते. जयवंती रोज सकाळी देवासमोर दिवा लावून झाला की पेटी लावायची आणि गायची. मी समुद्रावर असायचो तेव्हा, आणि नंतर मी घरी असायचो तेव्हाही. तिचा गळा साधा होता. वरचा सूर लागताना तिची मान पुढे यायची आणि डावी भुवई चढायची, जणू कुणी फडताळातला वरचा डबा काढतंय. मी वर्तमानपत्रामागून म्हणायचो, "तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय." ती गाणं न थांबवता हाताने मला गप्प करायची. किंवा फेरा संपल्यावर म्हणायची, "तुमच्या इंजिनाला कान असते तर ते पण पळून गेलं असतं." हे आमचं चालायचं. मी गंमत करतो असं मला वाटायचं. रोज, पंचवीस वर्षं, एकच गंमत. आता मला त्यात गमतीचं काही सापडत नाही.

मग तिला ते झालं. फुफ्फुसं आकसत जातात, बरं होत नाही. आधी यिशुन स्टेशनच्या जिन्यावर दम लागला, मग लिफ्टपासून दारापर्यंत, मग भाकरी थापताना. आणि एक दिवस पेटीबरोबर गाताना ती दुसऱ्या ओळीच्या मध्येच तुटली. पेटी पुढे गेली, ही मागे राहिली. ती तोंडावर पदर धरून हसली आणि झाकण बंद केलं. दुपारी ती झोपली तेव्हा मी चिमटा घेतला, काच उचलली आणि पंख्याची पाती केसभर बाहेर उघडली. एकसष्टचे चौसष्ट झाले. या पेटीची एकच गोष्ट मला आवडते, वेग बदलला तरी सूर बदलत नाही. ग्रामोफोन असता तर रेडा ओरडल्यासारखं झालं असतं. इथे सूर तोच, फक्त दोन सुरांमध्ये थोडी जास्त हवा. दुसऱ्या दिवशी ती गायली आणि पोचली. मी वर्तमानपत्रामागे होतो. मी म्हटलं, "आज सगळे सिलिंडर चालू."

मग मी ते करत राहिलो. तिला न सांगता. एकोणीस महिने. वही ठेवली होती, कारण इंजिनाला हात लावला की लिहायचं ही सवय. तारीख, आधीचे सेकंद, नंतरचे सेकंद, शेजारी सही. कुणाला दाखवायची होती सही, देव जाणे. चौसष्ट, अडुसष्ट, त्र्याहत्तर, एकोणऐंशी. मला फार हुशार वाटत होतं. तिला कळत नाही, आपण अजून गाऊ शकतो असं तिला वाटतंय, आणि ते वाटणं मी चालवतोय. एकदा ती म्हणाली, "ही पेटी म्हातारी झाली, नाही का?"

"सव्वाशे वर्षं झाली तिला."

"बिचारी. माझ्या जोडीने थकतेय." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून ऑक्सिजनच्या मशीनचं फिल्टर काढलं आणि नसलेली धूळ झटकली.

शेवटची नोंद अठ्ठ्याऐंशीची. त्याच्या पुढे पाती उघडली तर स्प्रिंग पुरणार नाही, रूळ मध्येच अडेल, असं माझं पक्कं मत होतं. मी तिथे थांबलो. आणि त्याच सुमारास तिनेही पेटी बंद केली. म्हणाली, "नको आता. घंटांचा आवाज डोक्यात जातो." मला सुटल्यासारखं झालं, हेही लिहून टाकतो. त्यानंतर ती तेवीस दिवस होती.

आणि आता हा म्हणत होता चौऱ्याण्णव. माझी ती वही पायाशी कापडी पिशवीत होती. मी ती मुद्दाम आणली होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठायचं, वही उघडायची आणि शांतपणे तारखा वाचायच्या. डॉक्टरसाहेब, तुमची अठराशे नव्वदची लय ही यिशुनच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चिमट्याने बनवलेली आहे. सहा आठवडे मी या एका वाक्यावर जगत होतो. सकाळी दाढी करताना ते म्हणून बघायचो. पण वहीतला शेवटचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळत नव्हता, आणि न जुळणारी वही घेऊन मी कुणासमोर उभा राहत नाही. सहा सेकंद. सहा सेकंद कुठून आले?

सारंग बोलत राहिला. मी त्याचं ऐकत नव्हतो, दोष शोधत होतो. तेल सुकलं असेल? चौदा महिने पेटी बंद होती. पण तेल सुकलं की चाल अडखळते, कधी नव्वद, कधी सत्त्याण्णव. याने वीस वेळा मोजलं होतं आणि वीसही वेळा चौऱ्याण्णव, वर पॉइंट टू. मोजायला त्याला येत होतं, तेवढं मान्य. स्प्रिंग ढिली पडली? मग सुरुवात जोरात आणि शेवट रडत. तसंही नव्हतं, त्याचा आलेख पडद्यावर सरळ होता, इस्त्री केल्यासारखा. थंडी? एसीने सहा सेकंद जात नाहीत. मग उरला पंखा. म्हणजे या गाढवाने पात्यांना हात लावला. पण गेल्याच आठवड्यात मी त्याला फोनवर विचारलं होतं, आत कुठे बोट घातलंस का. तो दुखावला. "काका! आम्ही काही हलवत नाही. हातमोजे घालून नुसतं बघतो." त्याच्यात पाती हलवण्याइतकी धमक नाही, हे मला त्याच्या आवाजावरून पटलं होतं. मग कोण? किमयाला पंखा आहे हेच माहीत नाही. तिची मुलगी जाई सात वर्षांची, ती कुठल्याही वस्तूला हात लावते, पण पेटीला नाही, कारण पेटीला स्क्रीन नाही. आत्ता ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसून खुर्चीला पाय आपटत होती. "आजोबा, धिस अंकल टॉक सो लाँग, लाह. व्हेन इज द वडा?"

"थांब. अंकलला अजून खूप चुकायचंय."

"दमसास," सारंग म्हणाला आणि थांबला. या शब्दावर तो प्रत्येक वेळी थांबायचा, टाळ्यांची वाट बघत असल्यासारखा. "चौऱ्याण्णव सेकंदांत ही भूपाळी गाऊन बघा. आजचा कुठलाही गायक मध्ये किमान पाच-सहा वेळा श्वास तोडेल. त्या पिढीचा दमसास काय असेल! आपण तो गमावला." पुढच्या रांगेतल्या स्मिताबाई, इथल्या मराठी मंडळाचे सगळे कार्यक्रम त्याच करतात, त्यांनी "वा" केलं. पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या पोरांनी जड चेहरे केले, आपल्या पूर्वजांची फुफ्फुसं मोठी होती हे ऐकून त्यांची छाती फुगली. मला मोठ्याने हसावंसं वाटलं. दमसास! जिला बाथरूमपर्यंत जायला दोनदा खुर्चीवर बसावं लागायचं, तिचा दम हा पडद्यावर लावून यांना दाखवत होता आणि हे त्याला भव्य म्हणत होते. ती शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायची. अक्षरांच्या मध्येसुद्धा. एक अक्षर, श्वास, दुसरं अक्षर, नाकातल्या नळीची सूं. हा तुमचा सुवर्णकाळ.

तिचे ते शेवटचे तेवीस दिवस मला एकसारखे आठवतात, एकावर एक ठेवलेल्या ताटांसारखे. सकाळी मी खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, जायचो, तिच्यासाठी पेज आणायला. ती रोज म्हणायची, "सावकाश या. घाई करू नका. जरा पाय मोकळे करा." तिला माझ्या गुडघ्यांची काळजी असं मी समजायचो. मग मी एक कॉफी घ्यायचो, बाकावर बसायचो, पाऊण तास काढून वर यायचो. ती पलंगावर असायची, पण गाल लाल, केस सुटलेले, छाती भात्यासारखी. मी ओरडायचो, "उठली होतीस ना? कशाला उठायचं?" ती म्हणायची, "काही नाही हो. माझा आकडा पडला, तो शोधत होते." आमच्या घरात आकडे दोन प्रकारचे, माझे वहीत आणि तिचे केसांत. तिला त्या काळ्या, नागमोडी तारेच्या दुमडलेल्या आकड्यांशिवाय अंबाडा घालता यायचा नाही. इथे मिळत नाहीत, इथल्या बायका क्लिपा लावतात, म्हणून ती दादरहून पाकिटं आणायची. शेवटी शेवटी केसच उरले नव्हते अंबाड्यापुरते, तरी आकडा हवा. मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली टॉर्च मारायचो आणि पुटपुटायचो, "इथे श्वासाचे वांधे आणि हिला आकडा पाहिजे." सापडायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी किमयाला फोनवर म्हटलंसुद्धा, आई थोडी भ्रमिष्ट झालीय.

"आणि आता मी तुम्हाला सगळ्यात रोमांचक गोष्ट दाखवणार आहे," सारंग म्हणाला. त्याचा आवाज चढला. "ही लय अपघाताने आलेली नाही. ती कुणी तरी जाणीवपूर्वक लावली आहे. आम्ही यंत्राच्या तळाशी, पंख्याच्या बरोबर खाली, एक बारीक कॅमेरा सोडला. तिथे हे मिळालं."

पडद्यावर काळी तार आली. भिंतभर. मधोमध दुमडलेली. एक पाय नागमोडी, दुसरा ओढून सरळ केलेला, त्याचं टोक थोडं चपटं झालेलं. भोवती त्याने लाल वर्तुळ काढलं होतं.

"अशी तार कुठल्याही युरोपियन हत्यारांच्या पेटीत नसते," सारंग सांगत होता. "म्हणजे ही आपल्याकडची. मुंबईतल्या कुण्या अनाम कारागिराने ही वळवली. बघा, एक बाजू मुद्दाम सरळ केलीय, पातं उचलायला. पात्याच्या कडेवर या टोकाची खूणही आहे. हा माणूस गाणं जाणणारा होता. त्याला यंत्राची लय पटली नाही, त्याने ती गायकाच्या लयीला आणली. आणि काम झाल्यावर हत्यार आत पडलं, ते शंभर वर्षं तिथेच राहिलं."

मागच्या रांगेत कुणाची तरी सासू म्हणाली, "अगं, हा तर..." आणि सून म्हणाली, "आई, शू."

मी पडद्याकडे बघत होतो. तारेच्या दुमडीवरचा काळा रंग उडाला होता आणि तिथे पितळी पिवळं दिसत होतं. ती दाताने उघडायची आकडा. दोन हात केसांत गुंतलेले, आकडा दातांत, आणि मला काही सांगायचं असलं की त्याच अवस्थेत बोलायची, मी म्हणायचो नीट बोल, गॅस्केट अडकलंय तोंडात. सारंग बरोबर बोलत होता. शंभर वर्षं आणि कारागीर सोडला तर त्याचा एक शब्द चुकलेला नव्हता. हे मला सहन होईना. या इस्त्रीच्या आलेखवाल्या पोराने दूरवरून, हातमोजे घालून, माझ्या घरात काय झालं ते ओळखलं होतं आणि मी चिमटा हातात घेऊन एकोणीस महिने तिथेच उभा होतो.

तिला माहीत होतं. कधीपासून ते मला आता कळणार नाही. बहुधा चौसष्टपासून. ज्या बाईने पंचवीस वर्षं रोज त्या चालीबरोबर गायलं तिला तीन सेकंद कळणार नाहीत असं समजणारा मी, यंत्रांचा जाणकार. तिने मला ते करू दिलं. बिचारी, माझ्या जोडीने थकतेय, म्हणाली आणि मी फिल्टर झटकलं तेव्हा तिने विषय सोडून दिला, माझ्यासाठी. आणि अठ्ठ्याऐंशीलाही श्वास पुरेना तेव्हा ती मला म्हणू शकली असती, अहो, अजून थोडं. दोन शब्द. ती म्हणाली नाही. तिने मला पेज आणायला धाडलं, ऑक्सिजनची नळी ओढत पेटीपर्यंत आली, केसांतला आकडा काढला, त्याचा एक पाय दाताने सरळ केला, आणि जिथे मी म्हणत होतो की यापुढे यंत्र अडेल तिथून पुढे सहा सेकंद नेलं. यंत्र अडलं नाही. मग ती गायली. मी खाली बाकावर कॉफी पीत पाय मोकळे करत होतो तेव्हा. त्या सहा सेकंदांत कुणी वर्तमानपत्र धरून बसलेलं नव्हतं. कुणी सिलिंडर मोजत नव्हतं. तिला माझ्यापासून पेटी लपवायची नव्हती, गाणं लपवायचं होतं. लोकांना मी काय सांगणार होतो वही उघडून? अठ्ठ्याऐंशी? चुकलेला आकडा माझा होता.

टाळ्या झाल्या. प्रश्न झाले. कुणी तरी विचारलं, ॲप करता येईल का. कुणी विचारलं, मुलांना हे ऐकवलं तर एकाग्रता वाढेल का. सारंगने सगळ्यांना गंभीरपणे उत्तरं दिली. मग म्हणाला, "पेटीचे मालक शशिकांतकाका इथे आहेत. पुढच्या महिन्यापासून पेटी आमच्या संग्रहात राहील, आणि ही लय कुणी बदलू नये म्हणून पात्यांवर लाखेचा थेंब टाकून ती कायमची पक्की करणार आहोत. काका, दोन शब्द?"

किमयाने माझं कोपर धरलं. मी उभा राहिलो. पिशवी खुर्चीखाली होती, मी ती उचलली नाही. "पेटी लाव एकदा," मी म्हटलं. "चौथी चाल."

हे दोन शब्द त्यांना पुरले, कुणी तरी "क्या बात है" म्हणालंसुद्धा. सारंगने किल्ली दिली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. सवयीने आतून मोजत होतो तरी. पहिल्या ओळीला ती इथे श्वास घेणार. इथे परत. मग वरचा सूर, मान पुढे, भुवई, वरचा डबा. अठ्ठ्याऐंशीला जिथे शब्द तुटायचा तिथे मी खांदे आवळले, आणि तो तुटला नाही, तिथे जागा होती, तिने करून ठेवलेली, एका श्वासापुरती. मी ती जागा ऐकली. माझ्या आजूबाजूला लोक मान हलवत होते, दोघं-तिघं फोनवर चित्रण करत होते, जाई शेवटी पाय आपटायची थांबली होती. मला त्या सगळ्यांचा राग आला. फुकट ऐकत होते. मग वाटलं, मीही फुकटच ऐकतोय. मला हे ऐकायला कुणी बोलावलं नव्हतं.

रूळ थांबला. लोक वड्यांकडे वळले. मी स्टेजवर गेलो. पेटीशेजारी झिप लावलेली छोटी प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि आत ती.

"काका, कसं वाटलं?" सारंग घामाने डबडबला होता, एवढ्या थंडीत. चेहरा लहान मुलासारखा उघडा. "खरं सांगा. तुमचा चेहरा बघून मला भीती वाटत होती."

"पातं पक्कं कर," मी म्हटलं. "लाख चांगली वापर. पेटी ठेव तुला हवी तेवढी वर्षं."

"थँक्यू, काका! खरंच, मी..."

"आकडा दे."

"हो, हो." त्याने उत्साहाने लॅपटॉपकडे हात नेला. "चौऱ्याण्णव, काका. पॉइंट टू."

"तो नव्हे," मी म्हटलं, आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिलो.